‘ब्रेक फेल’ म्हणजे नेमके काय झाले?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

घाटात पिकअप कठड्यावर आदळली की बातमीत एक वाक्य ठरलेले असते : ‘ब्रेक फेल झाल्याने चालकाचा ताबा सुटला.’ गाडी जुनी होती, माल भरलेला होता, उतार होता, एवढे वाचले की वाचणाराही मान डोलावतो आणि पान उलटतो. माणूस तापाने गेला असे सांगण्यासारखेच हे झाले. ताप कशाने आला, किती दिवस अंगात होता, याचा पत्ता नाही. पिकअपच्या बाबतीत तर ताप हा शब्द शब्दशः खरा आहे. बहुतेक वेळा मागच्या चाकाचे ड्रम, म्हणजे ब्रेकची बिडाची भांडी, अपघाताच्या आधी कित्येक दिवस तापत असतात, वास मारत असतात, डिझेल जास्त खात असतात. घाट निमित्ताला असतो.

बोलेरो पिकअप, टाटा २०७ आणि त्या वर्गातल्या जुन्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. त्याहून जुन्या कित्येक गाड्यांना चारही चाकांना ड्रम. ड्रम चाकाबरोबर फिरतो; त्याच्या आत शू नावाच्या दोन कमानी असतात, त्यांवर लायनिंगचा थर असतो आणि ब्रेक मारला की शू फाकून लायनिंग ड्रमला आतून घासते. नारायणगावचा टोमॅटो, ओतूरचा कांदा, जुन्नर-आंबेगावची पालेभाजी याच गाड्यांवर माळशेज उतरून कल्याण-वाशीला जाते. या गाड्यांचे ब्रेक रोज उघडणाऱ्यांच्या बाजूने चार गोष्टी मांडायच्या आहेत. पत्र लांबेल, सांभाळून घ्यावे.

ब्रेक लागला नाही असे चालक सांगतो तेव्हा त्याला पहिला प्रश्न एकच विचारावा : पेडल कुठे गेले? पेडल जागेवर होते, घट्ट लागले, जीव खाऊन दाबले तरी गाडी थांबेना, तर लायनिंगची पकड गेली. लायनिंग ज्या राळेने बांधलेले असते ती अति तापली की वायू सोडते, तो शू आणि ड्रमच्या मध्ये अडकतो आणि शू घासण्याऐवजी घसरतो. (पेडल एकदम दगडासारखे झाले असेल तर पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूमही तपासावा. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणाऱ्यांना दोन-तीन वेळा पेडल दाबेपर्यंतच बूस्टर साथ देतो.) पेडल नेहमीपेक्षा खोल गेले, पण लागोपाठ दोन-तीनदा मारल्यावर वर आले, तर ड्रम तापून फुगला आहे आणि शूला त्याच्यापर्यंत पोचायला जास्त अंतर पडते आहे. पेडल स्पंजासारखे मऊ होऊन तळाला टेकले, तर ब्रेक ऑईल उकळून पाइपात वाफ झाली आहे. वाफ दाबली जाते, ऑईल दाबले जात नाही. सगळा जोर वाफ दाबण्यातच जातो. या तीन वेगळ्या बिघाडांना तीन वेगळे उपाय आहेत, आणि बातमीत तिन्हींना शब्द एकच.

ऑईल उकळण्याचे आकडे ठरलेले आहेत. डॉट ३ जातीचे ऑईल नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत तग धरते, डॉट ४ किमान २३० पर्यंत. पण हे ऑईल हवेतली ओल शोषते. साधारण पावणेचार टक्के पाणी मुरले की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. चार पावसाळे काढलेले, चहासारखे काळपट झालेले ऑईल घाटात उकळले तर दोष ऑईलचा नाही. दोन वर्षांनी ते पूर्ण बदलायचे असते. टाकीत वरून भर घालून भागत नाही, कारण शिळे ऑईल खाली, शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरमध्ये, म्हणजे नेमके सर्वांत गरम जागीच बसून राहते. प्रत्येक चाकाजवळच्या निपलमधून, म्हणजे ऑईल सोडायच्या तोंडातून, नवे, स्वच्छ ऑईल येईपर्यंत काढावे. आणि डबा सीलबंद घ्यावा. काउंटरवर अर्धा उघडा पडलेला डबा फुकट मिळाला तरी नको.

उष्णता येते किती, याचा हिशेब शाळेच्या गणिताने होतो. मालासह २.८ टन वजनाची पिकअप ५०० मीटर उंचीचा घाट उतरली तर सुमारे १३७ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. हीच गाडी ताशी ६० किलोमीटरवरून शून्यावर एकदा थांबवायला ३.९ लाख ज्यूल लागतात. म्हणजे सगळा भार ब्रेकवर टाकून घाट उतरणे हे धडाधड ३५ वेळा गाडी उभी करण्यासारखे आहे. पासिंगपेक्षा एक टन जास्त भरला की हा आकडा, पासिंगच्या वजनाची गाडी थांबवण्याच्या हिशेबाने, ४७-४८ वर जातो. हवा आणि टायर थोडे जिरवतात, पण मोठा वाटा इंजिनानेच उचलायचा असतो. म्हणून ‘ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचे’ ही जुन्या ड्रायव्हरांची शिस्त. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणाऱ्यांचा हिशेब तर मुळातच चुकलेला आहे. गिअरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून काढून उतरताना इंजिनला चाकेच फिरवतात आणि डिझेल जवळपास तुटलेले असते. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतेच.

पण नीट गिअरने, बेताच्या मालाने उतरणारी गाडीसुद्धा तापते, तेव्हा समजावे की ब्रेक सोडल्यावर पूर्ण सुटत नाही. चाक धरते आहे. इथे गॅरेजात सर्रास होणारी चूक अशी की गाडी आली, ड्रम काढला, लायनिंग जळलेले दिसले, नवे लायनिंग मारले, गाडी दिली. महिन्याभरात तेच चाक पुन्हा काळे. लायनिंग जळाले हा परिणाम होता. धरणारी वस्तू आतच राहिली.

ती शोधायला आधी कोणते चाक तापते ते नक्की करावे. सपाट रस्त्यावर दहा किलोमीटर गाडी चालवावी, शक्यतो ब्रेक न मारता, आणि शेवटी वेग आपोआप मरू देऊन थांबावे. मग चारही चाकांजवळ हाताची मागची बाजू न्यावी, टेकवू नये. टेंपरेचर गन असेल तर ड्रमच्या बाहेरच्या कडेवर मारावी. नसेल तर बोट पाण्यात बुडवून दोन थेंब उडवावेत. चर्र झाले तर ड्रम शंभर अंशांच्या वर आहे आणि ब्रेक न मारता तो इतका तापायचे काही कारण नाही. डावे-उजवे यांत २५-३० अंशांचा फरकही संशयास्पद. आणखी एक पारख : कडेपेक्षा मधला हब जास्त गरम असेल तर ब्रेकच्या मागे लागू नका, बेअरिंग पाहा. जास्त आवळलेले किंवा ग्रीस संपलेले बेअरिंग ब्रेकच्या नावावर खपून जाते.

आता तर्क. मागचे एकच चाक तापत असेल तर दोष बहुधा त्याच ड्रमच्या आत किंवा त्या बाजूच्या हँडब्रेक केबलमध्ये आहे. मागची दोन्ही तापत असतील तर दोघांना समाईक काय आहे ते पाहावे : हँडब्रेकची मुख्य केबल, आणि चॅसीवरून ॲक्सलवर ऑईल आणणारा एकुलता एक रबरी होज, म्हणजे नळी. चारही तापत असतील तर मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑईल दाबणारा), बूस्टर किंवा पेडल. एवढ्या तीन वाक्यांनी निम्मे काम होते, पाना हातात घेण्याआधी.

मग गाडी जॅकवर घ्यावी. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, ॲक्सलखाली घोडी, हँडब्रेक सोडलेला, गिअर न्यूट्रलला. नुसत्या जॅकवर कोणी खाली शिरू नये. दोष दिसतो तेव्हाच, म्हणजे गाडी चालून आल्यावर लगेच ही तपासणी करावी. थंड झाल्यावर कित्येक चाके शहाण्यासारखी मोकळी फिरतात. इंजिन चालू ठेवून मदतनिसाने चार-पाच वेळा पेडल दाबून सोडावे आणि चाक हाताने फिरवून पाहावे. हलकी खरखर चालते. जोर लावावा लागत असेल तर त्या चाकाच्या निपलवर पारदर्शक नळी बसवावी, दुसरे टोक बाटलीत, आणि निपल पाव फेरा उघडावे.

ऑईलची पिचकारी उडाली आणि चाक सुटले, तर दाब पाइपात अडकून राहिला होता. नुसते ओघळले आणि चाक तसेच घट्ट, तर दाबाचा संबंध नाही. अडथळा यांत्रिक आहे, ड्रम उघडावा. हे एक निपल उघडायला दोन मिनिटे लागतात आणि त्याने दिवसभराची ठोकठोक वाचते.

दाब अडकलेला निघाला तर मागे मागे जात राहावे. चाक पुन्हा धरवून, मास्टर सिलिंडरवरचा पाइपाचा नट किंचित सैल करावा. तिथे सैल करूनही चाक सुटले नाही, पण निपलवर सुटते, तर अडथळा या दोन जागांच्या मध्ये आहे, आणि तो बहुतेक वेळा रबरी होज असतो. बाहेरून धडधाकट दिसतो, आतले रबर सुजून किंवा सुटून पडदा तयार होतो. पाय मारला की जोरात ऑईल जाते, परतीला मात्र स्प्रिंगच्या बळावर ते हळू येते किंवा येतच नाही. एकतर्फी दार झाले. असा होज पिळून, फुंकून दुरुस्त होत नाही. नवाच टाकावा, आणि एक गेला म्हणजे त्याच वयाचे बाकीचेही वाटेवर आहेत असे धरावे.

मास्टरवरच सुटले तर पुढची पायरी : मास्टर सिलिंडर बूस्टरला ज्या दोन नटांनी धरलेला असतो ते सैल करून तो दोन-तीन मिलिमीटर पुढे ओढावा. आता चाके मोकळी झाली तर मास्टर ठीक आहे; मागून त्याला कोणीतरी दाबून धरले होते. मास्टरला ढकलणारी दांडी, म्हणजे पुशरॉड, लांब राहिला असेल, बूस्टर आतून अडकला असेल, पेडलची स्प्रिंग गेली असेल. कधी ब्रेक लाइटचा स्विच इतका पुढे घेतलेला असतो की पेडल वरपर्यंत येतच नाही. कधी गोळा झालेली रबरी मॅट. एवढ्याशा कारणाने गाडी जळते, हे पटायला मास्टरची रचना समजली पाहिजे.

मास्टरमध्ये टाकीकडे जाणारे एक भोक असते, सुईच्या टोकाएवढे. पेडल पूर्ण सुटले की ते उघडे राहते आणि तापून फुगलेले ऑईल त्यातून वर टाकीत परतते. पिस्टन एखादा मिलिमीटर जरी पुढे राहिला तरी रबराची कड त्या भोकावर बसते. आता फुगलेल्या ऑईलला वाट नाही. ते शू ढकलते, शू घासतो, ड्रम तापतो, ऑईल आणखी फुगते. म्हणून या दोषाची खूण ठरलेली : सकाळी गाडी मोकळी, दहा-पंधरा किलोमीटरनंतर पेडल वर वर आणि कडक, गाडी बांधल्यासारखी, न्यूट्रलला पळत नाही; तासभर उभी केली की पुन्हा ठीक. चालक सांगतो, ‘आपोआप धरतो, आपोआप सुटतो.’ त्यात आपोआप काही नसते. पेडलला हाताने हलवून काही मिलिमीटरची मोकळी चाल लागलीच पाहिजे. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तकात असतो.

मास्टर सैल करूनही चाके सुटली नाहीत तर तो उघडावा. भोक घाणीने बुजलेले असते, किंवा रबरे सुजलेली. रबरे सुजण्याचे कारण बहुधा माणूस असतो. टाकीत इंजिन ऑईल किंवा स्टीअरिंगचे ऑईल ओतलेले असते, नाहीतर किट बसवताना सिलिंडर डिझेलने धुतलेला असतो. ब्रेकची रबरे ग्लायकॉलच्या ऑईलसाठी केलेली असतात. खनिज तेलाच्या नुसत्या हाताने ती फुगू लागतात. टाकीचे झाकण काढून त्याखालचे रबर पाहावे. ते लवचिक कापडासारखे वेडेवाकडे पसरलेले, जागेवर न बसणारे असेल तर आतली सगळी रबरे तशीच समजावीत. मग मास्टरचे किट, सगळ्या व्हील सिलिंडरची किटे, होज हे सर्व नवे आणि पाइप स्पिरिटने धुऊन काढावे. अर्धवट केले तर महिनाभराने पुन्हा हेच. ब्रेकचे सुटे भाग धुवायला स्पिरिट किंवा खुद्द ब्रेक ऑईल. डिझेल, पेट्रोल, रॉकेल यांची बशी त्या टेबलावर ठेवूच नये.

निपल उघडूनही चाक घट्ट राहिले, तर आधी हँडब्रेकची केबल बाजूला करावी. केबलचे वरचे आवरण फाटले की पावसाचे पाणी आत जाते, तार गंजते, लिव्हर खाली केला तरी तार परत येत नाही. चॅसीखालचा केबलचा जोड सोडल्याबरोबर चाक सुटले तर केबल बदलावी. गंजलेल्या केबलमध्ये ऑईल सोडून ती चार दिवस चालते, पावसाळाभर नाही. केबल बरी असूनही फार ताणलेली सापडते. शू झिजले, पेडल खाली गेले, की शू आणि ड्रममधले अंतर जुळवणारा ॲडजस्टर फिरवण्याऐवजी केबलच आवळायची, हा झटपट उपाय. त्याने शू कायम अर्धवट उघडे राहतात, आपल्या बुडाच्या खुंटीवर टेकत नाहीत. ऑटो ॲडजस्टर असलेल्या गाडीत तर त्याचे कामच बंद पडते.

आता ड्रम काढल्यावर. व्हील सिलिंडरचे दोन्ही टोकांचे धूळरबर उचलून पाहावे. आत ओल असेल तर आतला मुख्य वायसर, म्हणजे ऑईल अडवणारे रबर, गळतो आहे. कोरडा गंज असेल तर पिस्टन अडकतो आहे. नवे जाड लायनिंग बसवताना जुने पिस्टन आत ढकलावे लागतात, ते वर्षानुवर्षे न गेलेल्या, गंजाळलेल्या भागात जातात आणि तिथेच चिकटतात किंवा वायसर कापून घेतात. ‘लायनर टाकल्यावरच गळायला लागले’ अशी तक्रार येते ती यामुळे. लायनिंगवाल्याचा त्यात दोष नसतो. नव्या लायनिंगबरोबर सिलिंडरचे किट बदलावे, आणि बोअरमध्ये नखाला खड्डे लागत असतील तर सिलिंडरच नवा.

मागची पत्रा-प्लेट पुसून तिच्यावरचे उंचवटे पाहावेत, ज्यांवर शूची कड सरकते. जुन्या गाडीत तिथे शूने खोबण पाडलेली असते. ब्रेक मारल्यावर शू त्या खोबणीत चढतो आणि उतरत नाही. वेल्डिंगने भरून कानसीने सपाट करावे आणि ब्रेकचे ग्रीस बोटाच्या टोकाने, नुसता चमकण्याइतकाच थर लावावे. चाकाच्या बेअरिंगचे किंवा चॅसीचे ग्रीस इथे चालत नाही. तापल्यावर वितळून ते लायनिंगवर ओघळते. परतीच्या स्प्रिंगा निळसर झाल्या असतील किंवा वेटोळ्यांत फट दिसत असेल तर त्या गेल्या. एवढी स्वस्त वस्तू जपून पुन्हा बसवण्यात काय मिळते हे कळत नाही, पण बसवतात खरे. दोन्ही बाजूंच्या चारही बदलाव्यात.

लायनिंग ओले दिसले तर ओल कशाची ते वासाने आणि बोटाने ओळखावे. चिकट, वंगणाच्या उग्र वासाचे असेल तर क्राऊनचे (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरचे) ऑईल, ॲक्सलच्या सीलमधून आलेले. नवे सील टाकण्याआधी क्राऊनवरचा ब्रीदर, म्हणजे हवा सोडणारे तोंड, मोकळा आहे का ते पाहावे. तो चिखलाने बुजला की आतला दाब नवे सीलही पार करतो. ऑईल पातळीपेक्षा जास्त भरलेले असले तरी तेच. भिजलेले लायनिंग पेट्रोलने धुऊन, जाळून पुन्हा वापरू नये. ते आतपर्यंत प्यालेले असते, तापले की पुन्हा पाझरते. आणि एका बाजूचे भिजले की दुसऱ्या बाजूवर जास्त भार येतो, म्हणजे तापते ते चांगले चाक! लोक तेच उघडून बसतात.

हाच घोटाळा पुढच्या-मागच्यांत होतो. मागचे दोन्ही ड्रम सारखेच गरम, हाताने फिरवले तर मोकळे, कुठे काही धरत नाही. अशा वेळी पुढची डिस्क चिमटीत धरणाऱ्या कॅलिपरच्या पिना काढून पाहाव्यात. त्या गंजून अडकल्या की पुढचे ब्रेक नावापुरते लागतात आणि सगळी मेहनत मागच्यांना पडते.

पिकअपमध्ये आणखी एक वस्तू असते तिच्याकडे कोणी पाहत नाही. मागच्या ॲक्सलपासून चॅसीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत गेलेली दांडी. गाडी मालाने दबली की दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. रिकामी असली की कमी, म्हणजे मागची चाके जाम होऊन गाडी फिरू नये. आपल्याकडे जास्त माल बसावा म्हणून मागच्या स्प्रिंगचे पाटे वाढवतात. मागची बाजू उचलली जाते, आणि दोन टन भरले तरी व्हॉल्व्हला वाटते गाडी रिकामी आहे. मागचे ब्रेक मंद, पुढचे जळतात. त्यावर कोणीतरी हुशारी करून दांडी तारेने बांधून टाकतो की मागे कायम पूर्ण दाब. मग ड्रम तापतात आणि रिकामी गाडी पावसात ब्रेक मारताच गरकन फिरते. पाटे वाढवले तर दांडीचे माप पुन्हा जुळवून घ्यावे. खरे तर पाटे वाढवूच नयेत, पण ते ऐकणारा मालक विरळा.

ड्रमबद्दल. बिडाच्या ड्रमवर जास्तीत जास्त किती व्यास चालेल तो आकडा ओतीवच असतो. गंज खरवडला की दिसतो. लेथवर फासून घेताना त्याच्या पलीकडे जाऊ नये. पातळ झालेला ड्रम कमी उष्णता धरतो, म्हणून लवकर तापतो, आणि मोठ्या झालेल्या गोलाईत जुन्या गोलाईचे लायनिंग फक्त मध्यावर टेकते, म्हणून तिथेच जळते. एका ॲक्सलचे दोन्ही ड्रम एकाच मापाला फासावेत. आत निळे-काळे ठिपके असतील तर तिथले बीड कडक झालेले आहे, हत्यार त्यावरून उडी मारते. हे ठिपके जात नसतील, किंवा तडा कडेपर्यंत आला असेल, तर ड्रम भंगारात.

शेवटचे काम ॲडजस्टमेंटचे, आणि निम्मी गाडी इथे बिघडते. २८० मिलिमीटर व्यासाचा ड्रम २०० अंशांनी तापला की व्यास सुमारे ०.६ मिलिमीटरने वाढतो. पेडल खाली जाते. घाईतला चालक म्हणतो, ब्रेक थोडा टाइट करून द्या. गरम ड्रमवर शू आवळले, पेडल वर आले, चालक खूश. रात्री ड्रम थंड होऊन आवळतो आणि सकाळपासून चाक धरायला लागते. ब्रेक गरम असताना ॲडजस्टरला हात लावायचा नाही, कितीही घाई असो. थंड ड्रमवर आधी हँडब्रेकची केबल पूर्ण ढिली, मग ॲडजस्टर चाक अडेपर्यंत फिरवायचा, मग चाक मोकळे होईपर्यंत दात मोजत मागे घ्यायचा. पेडल चार-पाचदा दाबून शू मध्यावर बसवायचे, पुन्हा फिरवून पाहायचे. डावीकडे जितके दात मागे तितकेच उजवीकडे. त्यानंतर केबल. ऑटो ॲडजस्टरचे डावे-उजवे आटे उलट असतात; उघडताना अदलाबदल झाली तर तो आवळण्याऐवजी सैल करत जातो.

नवे लायनिंग बसवून थेट माल भरून घाटात जाऊ नये. रिकाम्या गाडीने ताशी चाळीसवरून आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक, दोन ब्रेकांमध्ये अर्धा किलोमीटर मोकळे, एवढे तरी करावे. घाटात वास आलाच तर सपाट जागी थांबून चाकांना दगड लावावेत आणि हँडब्रेक सोडलेला ठेवावा, कारण गरम ड्रम शूवर थंड होताना तसाच आवळून आणि आकार बिघडवून बसतो. पाणी ओतू नये. तापलेल्या बिडावर पाणी पडले की तडा जातो, कधी लगेच, कधी पुढच्या फेरीला. पाऊण तास थांबावे, पेडल दाबून पाहावे, मगच निघावे.

आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला फिटनेसचे प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते, हे खरे. पण तिथे गाडी रिकामी आणि थंड ड्रमची उभी राहते. वर लिहिलेले निम्मे दोष त्या वेळी दिसणारच नाहीत. आपल्या वार्ताहरांना एवढीच विनंती, की पुढच्या वेळी ‘ब्रेक फेल’ लिहिण्याआधी चालकाला, तो बोलण्याच्या स्थितीत असेल तर, पेडल कडक होते, खोल गेले की मऊ झाले हे विचारावे. आणि पंचनाम्यात मागचे ड्रम उघडले होते का, तेही.

आपले,
पिकअपच्या ब्रेकचे काम करणारे दोघे,
ओतूर (ता. जुन्नर, जि. पुणे)

ता. क. ड्रम उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची सवय मोडायला हवी. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ती धूळ छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकावे. आणि मागच्या प्लेटवर ॲडजस्टरच्या भोकाला एक रबरी बूच असते, ते जागेवर आहे का पाहावे. चहाच्या पैशात येते. दहा गाड्यांत सात-आठांना ते नसते, आणि कोकणातला तांबडा चिखल त्याच भोकातून आत शिरतो.